नर्सबाईंची नजर

बाळंतपण झालेल्या घरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन केला, की पुष्कळदा ऐकायला मिळतं, 'बाळ थोडं पिवळं वाटतंय, लाईटखाली ठेवलंय.' सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, पण घबराट नसते. दोन दिवसांनी बाळ आईच्या कुशीत परत येतं आणि विषय संपतो. डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या नळ्यांखाली निजलेलं ते बाळ आपल्या इतकं सरावाचं झालंय, की ही युक्ती कुणाला सुचली, हे कुणी विचारत नाही. श्रोतेहो, मी पस्तीस वर्षं परिचारिकांना शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलींना हा प्रश्न मी दरवर्षी विचारायची. उत्तर ठरलेलं असायचं, 'कुणीतरी मोठे डॉक्टर असतील, बाई.'

तर ही गोष्ट आहे १९५६ च्या उन्हाळ्यातली. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा एक कक्ष होता आणि त्याच्या प्रमुख परिचारिका होत्या सिस्टर वॉर्ड. कोंदट पेटीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना जास्त मानवतं, असं या बाईंचं ठाम मत. हवा चांगली असली की त्या नाजूक बाळांना अंगणात नेत आणि डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत परत जागेवर आणून ठेवत. परवानगी विचारली असती तर काय उत्तर मिळालं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

एके दिवशी फेरी चालू असताना त्यांनी जरा बिचकतच एका बाळाचं दुपटं बाजूला केलं आणि त्याचं पोट डॉक्टरांना दाखवलं. बाळाचं अंग फिकट झालेलं, पण कातडीवर एक ठसठशीत पिवळा त्रिकोण. कक्षाचे प्रमुख डॉ. डॉब्स यांना वाटलं, बाईंनी तिथं काही औषध फासलंय. सिस्टर वॉर्ड यांनी खुलासा केला, की फासलेलं काही नाही, ही काविळीचीच पिवळाई आहे. उन्हात ठेवताना चादरीचं टोक या भागावर आलं होतं. तेवढा भाग पिवळा राहिला, बाकीचं अंग उजळलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि फेरी पुढं गेली. पुढं काही आठवड्यांनी काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेतल्या खिडकीपाशी उन्हात राहून गेली. तपासणीत त्या रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे पिवळेपणा आणणारं द्रव्य, अपेक्षेपेक्षा फारच कमी भरलं. तेव्हा कुठं डॉक्टरांच्या मनात तो त्रिकोण आणि ही नळी यांची सांगड बसली. क्रेमर नावाच्या तरुण डॉक्टरनं निळसर नळ्यांचं एक यंत्र तयार करून घेतलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावं आहेत. सिस्टर वॉर्ड यांचं नाव त्या तिघांत नाही. डॉब्स आणि क्रेमर यांनी १९७५ मध्ये जुनी हकिकत लिहून काढली, म्हणून निदान ते आपल्याला कळलं तरी.

उजेडानं होतं काय, तर बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, तो पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडतो. तसं झालं नाही आणि त्याचं प्रमाण फार वाढलं, तर ते मेंदूत उतरतं. मूल दगावतं, किंवा वाचलं तरी बहिरेपण आणि हातापायांचा ताठरपणा जन्माचा मागं लागतो. त्या काळी यावर बाळाचं सगळं रक्त बदलण्याखेरीज इलाज नव्हता. (एक सांगून ठेवते. घरच्या कोवळ्या उन्हावर विसंबून काविळीचं बाळ घरी ठेवू नका. किती उजेड लागतो, तो मोजावा लागतो आणि रक्तही तपासावं लागतं.)

आपल्याकडची जुनी बाळंतिणीची खोली आठवा. खिडक्या बंद, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी आणि ओव्या-शेपाच्या धुरानं भरलेली हवा. वारं लागू नये हा हेतू चांगला, पण त्या अंधारात बाळ पिवळं पडलंय, निळं पडलंय की श्वास जोरानं घेतंय, हे दिसायचं कुणाला? त्यातून दहा दिवसांचं सोयर. बाळंतिणीला शिवायचं ते सुईणीनं, आणि शिवली म्हणून सुईणही खालचीच ठरायची. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं, हे सर्वांना माहीत आहे. त्या दुःखातून त्या डॉक्टर झाल्या, असं आपण अभिमानानं सांगतो. त्यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झालं. तिथं डॉक्टरही बायकाच. पण डॉक्टरीण झालेल्या बाईचं जेवढं कौतुक झालं, त्याच्या दशांशही नर्स झालेल्या बाईच्या वाट्याला आलं नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदननं १९०९ नंतर विधवा आणि परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण मिळवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा परक्यांची घाण काढायची ही कसली नोकरी, म्हणून नाकं मुरडणारे काय कमी होते?

युरोपातही फार वेगळं नव्हतं. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरा बाळंतिणी दगावल्या, तर सुइणींच्या विभागात तीनहून कमी. गोरगरीब बायका दारात हात जोडून विनवायच्या, की आम्हाला सुइणींकडं घ्या. सेमेलवाइस या डॉक्टरनं कारण शोधलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत होते. १८४७ मध्ये त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली आणि फरक मिटला. सेमेलवाइस आज पाठ्यपुस्तकात आहे. पण कुठला विभाग जिवावर उठतो, हे त्या अडाणी बायकांना त्याच्याही आधी कळलं होतं.

ज्याला आपण सरसकट 'पेटी' म्हणतो, तिचा उगम पॅरिसचा. तिथल्या प्राणिबागेत कोंबडीची अंडी उबवण्याचं यंत्र तार्निए या प्रसूतितज्ज्ञानं पाहिलं आणि १८८० च्या सुमारास तसंच एक बाळांसाठी करवून घेतलं. दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. पण नुसती पेटी असून भागत नाही. ऊब नीट आहे ना हे पाहायचं, चोखता न येणाऱ्या बाळाला थेंबाथेंबानं दूध पाजायचं, दर वेळी हात धुवायचे, हे सगळं माणसानंच करायचं असतं. त्याच मॅटर्निटी रुग्णालयात १८९३ मध्ये मादाम हेन्री या मुख्य सुईणबाईंनी अशक्त बाळांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला. दोन वर्षांनी तो बुदँ यांच्याकडं आला आणि नवजात बाळांच्या शास्त्राचे जनक म्हणून नाव झालं ते बुदँ यांचं. ते त्यांना शोभणारंच होतं. तरी मादाम हेन्रींचं नाव मी वर्गात फळ्यावर लिहायचीच.

परिचारिकेची नजर नेहमीच बरोबर असते, असं मात्र मी म्हणणार नाही. १९४० नंतर अमेरिकेत अपुऱ्या दिवसांची पुष्कळ बाळं आंधळी होऊ लागली. पेटीत भरपूर ऑक्सिजन सोडण्याची पद्धत तेव्हा नवी होती आणि त्यामुळं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत होत्या. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात काही बाळांना कमी आणि काहींना जास्त ऑक्सिजन देऊन पडताळा घ्यायचं ठरलं. रात्रपाळीच्या काही परिचारिकांना हा बाळांचा जीव घेण्याचाच प्रकार वाटला आणि डॉक्टर घरी गेले की त्या कमी ऑक्सिजनच्या बाळांचा ऑक्सिजन वाढवून ठेवत, अशी नोंद आहे. त्यांची माया खरी होती, पण तीच त्या बाळांच्या डोळ्यांवर येत होती. १९५४ पर्यंत मोठी तुलनात्मक पाहणी होऊन कारण सिद्ध झालं, तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली होती. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक. आता बाळाच्या पावलाला लावलेला छोटा दिवा रक्तातला ऑक्सिजन सतत दाखवतो आणि तो कमी होता कामा नये तसाच जास्तही होता कामा नये, यासाठी दोन्ही बाजूंच्या घंट्या परिचारिकेनं लावायच्या असतात. कटकट नको म्हणून वरची घंटा बंद करून ठेवण्याची सवय काही ठिकाणी मी पाहिली आहे. त्या सवयीवर मी कायम रागावत आले.

आता आईकडं वळू. १९७२ मध्ये मी एका तालुक्याच्या गावी नवी नवी स्टाफ नर्स होते. पावसाळ्यातल्या एका रात्री बैलगाडीतून एकोणीस वर्षांची मुलगी आणली. पहिलटकरीण, आठवा महिना सरलेला, अंगावर सूज आणि आकडीवर आकडी येत होती. सासूनं सांगितलं, तीन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणत होती, मग कुणी अंगारा आणला. गावात नर्सबाई येत असे, पण तिच्याकडचं रक्तदाब मोजायचं यंत्र कित्येक महिने नादुरुस्त पडून होतं. आमच्याकडं तेव्हा मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांच्या पद्धतीनं तीन झोपेच्या-गुंगीच्या औषधांचं मिश्रण देत. अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, आवाज होऊ द्यायचा नाही, जीभ चावली जाऊ नये म्हणून जपायचं, दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहायची. मी पहाटेपर्यंत लिहीत होते. मुलगा वाचला. ती वाचली नाही. तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल.

गर्भारपणातला हा झटक्यांचा आजार फार जुना. लोक त्याला बाहेरची बाधा म्हणत, डॉक्टरही बराच काळ त्याला विषबाधा समजत. रक्तदाब मोजता येऊ लागला तो १८९६ मध्ये, रिवा-रॉची या इटालियन डॉक्टरनं दंडाला बांधायची पट्टी तयार केल्यावर. त्यानंतर लक्षात आलं, की झटके येण्याच्या कितीतरी आधी रक्तदाब चढलेला असतो आणि लघवीतून प्रथिन जात असतं. म्हणजे संकट येण्याआधी दाराशी उभं असतं. दंडाला पट्टी बांधून आणि लघवी तपासून पाहणारं कुणीतरी मात्र हवं.

औषधही होतं आणि तेही स्वस्तातलं. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे जुन्या घरांतून जुलाबासाठी ठेवत ते एप्सम सॉल्ट. अमेरिकेत ते झटक्यांवर वापरत होते, इतर देशांना खात्री नव्हती. अखेर भारतासह अनेक देशांतल्या १६८७ स्त्रियांवर पाहणी झाली आणि १९९५ मध्ये निकाल आला. डायझेपाम दिलेल्यांपेक्षा मॅग्नेशियम दिलेल्या स्त्रियांत पुन्हा झटका येण्याचा धोका निम्म्याहून कमी होता. २००२ च्या आणखी मोठ्या पाहणीत दिसलं, की झटके येण्याआधीच ते दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो.

पण हे औषध निष्काळजी हाताला चालत नाही. जास्त झालं तर स्नायू ढिले पडतात आणि श्वास थांबतो. म्हणून पुढची सुई टोचण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. गुडघ्यावर हलकेच ठोकल्यावर पाय उडतो का? मिनिटाला श्वास सोळाच्या खाली तर नाहीत? तासाला निदान तीस मिलिलिटर लघवी होते का? उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी उशाशी. या तिन्हींसाठी वीज लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. लागतं ते रात्री दोन वाजता खुर्चीतून उठून रुग्णाच्या उशाशी जाणं. २०१० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्रातल्या नर्सबाईला पहिली मात्रा देऊन मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवता येतं. १९७२ च्या त्या रात्री ही मुभा आणि ती कुपी, दोन्ही गावात असती तर, असं माझ्या मनात आजही येतं.

नर्सचं काम नर्सनंही नाही, तर गावातल्या सातवी-आठवी शिकलेल्या बाईनं केलं तर? हा प्रश्न महाराष्ट्रातच विचारला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या सुइणींना मिनिटभराचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचं एक साधन बनवलं. शंभरापर्यंत मोजता न येणारी बाईही मणी सरकवून बाळाला न्यूमोनिया आहे की नाही ते सांगू लागली. पुढं १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायका बाळंतपणाच्या वेळी हजर राहू लागल्या. बाळाला वजनकाट्यावर तोलायचं, उबदार पिशवीत ठेवायचं, न रडणाऱ्या बाळाला मुखवट्यातून श्वास द्यायचा, आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई, म्हणून पुष्कळ डॉक्टर बिथरले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तुलनेच्या ४७ गावांच्या मानानं या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सोळा-सतरा जात, ते प्रमाण तिनाच्या आत आलं. केंद्र सरकारनं २०११ मध्ये घरोघरच्या बाळभेटींचं काम देशभरच्या आशा कार्यकर्तींना दिलं. आज बेचाळीस दिवसांत सहा वेळा, आणि घरी बाळंत झालेल्या बाईकडं सात वेळा, आशाताई दार वाजवते ती यामुळं. तिचं मानधन किती आणि ते वेळेवर मिळतं का, हा विषय काढला तर माझी वेळ संपेल.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा बाळंतिणीचा सगळ्यात मोठा शत्रू. वार पडल्यावर पिशवी आवळली गेली नाही, की दोन तासांत धडधाकट बाई संपते. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एएनएम भगिनींनी १६२० बाळंतपणांत एक पाहणी केली. निम्म्या जणींना बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडानं दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला गारवा लागतो, या गोळ्यांना लागत नाही. २००६ मध्ये निकाल छापून आला. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं, आणि अठरा जणींना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळत होता.

मला गोळ्यांइतकंच महत्त्व वाटतं, ते त्या बायकांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या एका पसरणीला. बाळंतिणीखाली अंथरायची, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. त्याआधी आम्ही सगळ्या नजरेनं अंदाज करायचो. लुगडं किती भिजलं, चादर किती, बादलीत किती. बेळगावच्याच अभ्यासात दिसलं, की नजरेचा अंदाज पसरणीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी निघतो. म्हणजे रक्तस्राव हाताबाहेर चाललाय हे उमगेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची.

देशात लाख बाळंतपणांमागं २००१ ते २००३ या काळात ३०१ माता दगावत होत्या, त्या २०१८ ते २०२० या काळात ९७ वर आल्या. महाराष्ट्रात १४९ वरून ३३. रस्ते, १०८ ची गाडी, रुग्णालयातली बाळंतपणं, रक्तपेढ्या, अशी यामागं कितीतरी कारणं आहेत.

बेळगावची ती मापाची पसरण मात्र तिथंच थांबली नाही. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांची एक पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. अशाच पसरणीत रक्त मोजायचं, मापाची रेघ ओलांडली की डॉक्टरची वाट न बघता पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं औषध, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, असा नेम तिथल्या परिचारिकांना घालून दिला होता. मोठा रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं.